सेफ्टीबाईंची परीक्षा

नवं पिस्तूल हातात आलं तेव्हा मी खूश झाले होते. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की पहिल्यापासूनच माझा त्याच्यावर दात होता.

आमच्या सुरक्षा दलाला आजवर प्लॅस्टिकच्या सांगाड्याची हलकी पिस्तुलं मिळत आली. हे पूर्ण धातूचं होतं. हातात घेतलं की काहीतरी घेतल्यासारखं वाटायचं. वजन जास्त, त्यामुळे गोळी सुटताना नळी कमी उडायची आणि दुसरी गोळी पहिलीच्या शेजारी जाऊन बसायची. मूठ माझ्या लहानशा पंज्यातही नीट मावायची. आम्ही त्याला धुळीत लोळवलं, पाण्यात बुडवलं, तेल पुसून कोरडं वापरलं. कुठेही अडकलं नाही. आता उरली होती ती अंगावर वागवण्याची परीक्षा. महिनाभर ते कमरेला लावून नेहमीसारखं जगायचं, जिने चढायचे, खुर्चीत तासन्‌तास बसायचं, खाटेखाली गेलेली चप्पल वाकून काढायची, आणि शेवटी हे कामावर द्यायच्या लायकीचं आहे की नाही ते सांगायचं. हे काम माझ्याकडे आलं, कारण दलात नेमबाजी शिकवते ती मी.

पोरं मला पाठीमागे सेफ्टीबाई म्हणतात. पिस्तुलाच्या मागच्या अंगाला एक छोटा खटका असतो. तो वर केला की चाप दाबला तरी गोळी सुटत नाही, खाली केला की सुटते. यालाच सेफ्टी म्हणतात. जुन्या पिस्तुलांना तो फक्त डाव्या अंगाला होता, म्हणजे उजव्या कमरेवर पिस्तूल लावलं की खटका आपल्या अंगाकडे. नव्याला दोन्ही अंगांना होता, डावखुऱ्यांची सोय म्हणून. सेफ्टी लावली का, हे मी इतक्यांदा विचारते की एका पोराने म्हणे स्वतःच्या लग्नातही दचकून कमरेला हात लावला होता. आणि माझा दुसरा हेका असा की काही गडबड झाली तर आधी आपला हात तपासायचा, हत्याराला दोष मागाहून द्यायचा. हा हेका पुढे माझ्याच अंगाशी येणार होता.

आमच्या कार्यालयाच्या फाटकाशी वाळूची पेटी आहे. आत येणाऱ्याने त्या वाळूकडे नळी धरून आपलं हत्यार दाखवायचं. शस्त्रागाराचा प्रमुख ते पाहतो. त्याला सगळे भिंग म्हणतात, कारण त्याच्या नजरेतून काही सुटत नाही.

"मॅडम, सेफ्टी," एका सकाळी भिंग म्हणाला.

मी पाहिलं. खटका खाली होता. मी हसले, तोही हसला. सेफ्टीबाईंचीच सेफ्टी उघडी, म्हणजे दिवसभर पुरेल एवढा विनोद झाला होता. पण मी घरातून निघताना ती लावली होती, अगदी आठवत होतं मला. लावताना अंगठ्याला लागलेला थंडपणासुद्धा आठवत होता.

दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग त्याच आठवड्यात आणखी एकदा. या खेपेला भिंग हसला नाही. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"परीक्षेपुरत्या नकली गोळ्या आहेत म्हणून ठीक आहे, मॅडम. उद्या खऱ्या असतील."

"मी लावली होती रे."

"असं सगळेच म्हणतात," तो म्हणाला. आणि ते वाक्य माझंच होतं. मीच ते वर्षानुवर्षं पोरांच्या तोंडावर मारत आले होते.

मी घाबरले ते सेफ्टीमुळे नव्हे, बाबांमुळे. बाबांना विसरण्याचा आजार आहे. सुरुवात अशीच झाली होती. नळ उघडा राहायचा आणि ते म्हणायचे, मी बंद केला होता. दिवा चालू राहायचा आणि ते म्हणायचे, मी घालवला होता. अगदी छातीठोकपणे सांगायचे. आता ते माझ्या मोठ्या बहिणीकडे, ताईकडे राहतात आणि माझं नाव त्यांना कधी सापडतं, कधी नाही. रात्री घराची दारं लावणं हे एकच काम त्यांच्याकडे उरलं होतं आणि ते मोठ्या ऐटीत करायचे. पण सकाळी मागच्या दाराची वरची कडी उघडी सापडायला लागली. ताईने आठवडाभर वाट पाहिली आणि मग तेही काम त्यांच्याकडून काढून घेतलं आणि मागच्या दाराला रात्री स्वतः कुलूप घालायला लागली. फोनवर मला सांगताना ती रडली होती. "मी लावतो, मी लावतो, असं म्हणत होते गं," ती म्हणाली.

आता मीही तेच म्हणत होते. भाजी चिरताना मी मनातल्या मनात शाळेतल्या बाईंची नावं म्हणून बघायची. एक नाव अडलं की सुरी तशीच हातात राहायची. पिस्तूल गेलं असतं तर नोकरीही गेली असती, कारण हात विसरायला लागलेल्या बाईला हत्यार शिकवायला कोण ठेवणार? आणि ठेवूही नये, हे मला इतरांपेक्षा जास्त कळत होतं.

चौथ्यांदा तसंच झालं तेव्हा भिंग म्हणाला, "शुक्रवारी साहेबांसमोर बैठक आहे. मला सांगावं लागेल. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही सांगितलं असतं."

खरंच सांगितलं असतं. म्हणूनच मला त्याचा इतका राग आला.

गुरुवारी संध्याकाळी मी हे सगळं नवऱ्याला सांगितलं. आम्ही वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होतो. नवरा मोटार चालवायला शिकवतो. स्वभावाने थट्टेखोर. पण मी बाबांचं नाव घेतलं तसा तो हातातला टॉवेल तसाच धरून उभा राहिला.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तुमची बायको आता तुम्हाला ओळखणार नाही म्हणून?"

"ओळखत नाहीस तेच बरं. उद्या मी साक्षीदार. माझ्यासमोर सेफ्टी लाव. मग बघू कोण विसरतंय ते."

सकाळी मी पिस्तूल कमरेच्या होल्स्टरमध्ये घातलं, सेफ्टी वर केली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिले. त्याने चष्मा लावला, खाली वाकला, नाक जवळजवळ पिस्तुलाला टेकवलं.

"वर आहे. अगदी नक्की वर आहे. शिक्का मारू का?"

आम्ही गाडीत बसलो. रोज तोच मला सोडतो. नवऱ्याला धंद्याची एक खोड लागली आहे. शेजारी बसलेल्या माणसाचा पट्टा त्याला स्वतःच्या हाताने लावल्याशिवाय चैन पडत नाही. मी पट्टा पुढे ओढते न ओढते, तोच तो माझ्या हातातून घेतो, माझ्या उजव्या कमरेशी असलेल्या खाचेत दाबतो, खट्‌, आणि वर दोनदा ओढून बघतो. मी रोज म्हणते, मी काय तान्हं बाळ आहे का? त्या दिवशी मात्र मी रस्ताभर समोर बघत राहिले.

फाटकाच्या अलीकडे त्याने गाडी थांबवली. मी पट्टा काढला आणि खाली पाहिलं.

सेफ्टी खाली होती.

मनातल्या मनात मी पिस्तूल भिंगच्या हातात देऊन मोकळीही झाले होते.

"पण मी पाहिली होती," नवरा म्हणाला.

"जाऊ द्या हो."

"अगं, जाऊ द्या काय? मी पाहिली होती! आता मीही विसरलो का? आमच्या घराण्यात कोणाला काही विसरताच येत नाही. आपल्या लग्नात तुझा मामा काय बोलला ते माझ्या आईला अजून शब्दाशब्दाने पाठ आहे."

मी मान वर केली. तो म्हणत होता ते बरोबर होतं. मी एकटी विसरले असते तर तो आजार असता. पण त्याने डोळ्यांनी पाहिलेला खटका खाली आला, म्हणजे तो घर आणि फाटक यांच्यामध्ये कधीतरी खाली आला होता. आणि त्या वेळात मी कमरेला हातही लावला नव्हता. गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून बसले होते, देवासमोर बसावं तशी.

"पुन्हा पट्टा लावा," मी म्हणाले.

सेफ्टी वर केली. पट्टा पुढे ओढला. त्याने तो नेहमीसारखा घेतला आणि खाचेकडे दाबला. मी मान वाकडी करून बघत होते. त्याच्या पंज्याची कड बाहेरच्या खटक्यावर बसली आणि पट्टा आत जाताना खटकाही खाली गेला. खट्‌ एकदाच ऐकू आलं. पट्ट्याच्या आवाजात पिस्तुलाचा आवाज रोज असाच दडत होता.

"परत!"

परत तसंच. तिसऱ्यांदा झालं नाही, चौथ्यांदा झालं. म्हणूनच ते रोज होत नव्हतं. म्हणूनच मला वाटत होतं की माझंच डोकं कधी चालतं आणि कधी बंद पडतं.

"म्हणजे महिनाभर माझी सेफ्टी तुम्ही काढत होतात!"

"मी? मी तर तुझी सेफ्टी लावत होतो!"

मी त्याच्या खांद्यावर एक जोरदार गुद्दा घातला. मग हसायला लागले, आणि हसता हसता इतकी रडले की फाटकावरचा पहारेकरी काय झालं म्हणून बघायला आला. छातीवरचा दगड उतरणं म्हणजे काय ते त्या सकाळी मला कळलं. मला पिस्तुलातला दोष सापडला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या हत्याराचा दोष पाहून त्याची पप्पी घ्यावीशी वाटली.

भिंगला गाडीत बसवलं. कमरेला तेच पिस्तूल लावलं, आणि नवऱ्याने त्याचाही पट्टा लावला. भिंगने खाली पाहिलं. "पुन्हा लावा," तो म्हणाला. पुन्हा लावला. मग त्याने स्वतःच्या हाताने लावून पाहिला आणि त्याच्याही मनगटाने खटका खाली आला.

"मॅडम, मला चार दिवस झोप नव्हती," तो म्हणाला. "तुमच्याबद्दल साहेबांना काय आणि कसं सांगू, हेच घोळवत होतो."

"सांगितलं असतंस ना पण?"

"सांगितलं असतं."

"शाब्बास," मी म्हणाले आणि मनापासून म्हणाले.

बैठकीत आम्ही पिस्तूल पसंत केलं. उत्तम पिस्तूल आहे, फक्त उजव्या हाताने वापरणाऱ्यांसाठी बाहेरचा खटका काढून द्यावा, असं सांगितलं. साहेबांनी विचारलं की इतकी बारीक गोष्ट ध्यानात कशी आली. माझे यजमान फार काळजीवाहू आहेत, मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ताईकडे गेले. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तिला सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता खुर्चीवर बसली.

"तुलाही ती भीती आहे?" ती म्हणाली. "मी रोज आंघोळ करताना सगळ्या शेजाऱ्यांची नावं म्हणते. काल एक आठवेना तर ओली तशीच बाहेर आले."

आम्ही दोघी पोट धरून हसलो. बाबा बाहेरच्या खोलीत बसले होते, त्यांनी तिथूनच विचारलं की घरात कोण आलंय.

हसणं थांबलं तेव्हा माझी नजर मागच्या दाराकडे गेली. वरची कडी उभ्या दांड्याची होती. वर सारून, फिरवून तिचं टोक खाचेत अडकवायचं अशी. मी ती लावली आणि दाराला हात टेकवून उभी राहिले.

"ताई, सकाळी इथे काय काय होतं?"

"काय होणार? पाणी येतं. भिंतीपलीकडचा पंप सुरू होतो."

"तो लाव."

ताईने बटण दाबलं. पंप धडधडायला लागला आणि दार माझ्या तळव्याखाली थरथरलं. आम्ही दोघी वर बघत होतो. कडीचं झिजलेलं टोक हळूहळू खाचेतून सरकत आलं, आणि मग कडी आपल्या वजनाने खाली घसरली.

ताईने तोंडावर हात ठेवला.

मी तिच्याकडून पेचकस मागून घेतला, स्टुलावर चढले आणि कडीचे स्क्रू काढायला लागले. आवाज ऐकून बाबा आत आले. माझ्याकडे बघत उभे राहिले. त्यांना माझं नाव सापडलं नाही, ते मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं.

"तुम्ही सुतारबाई का?" त्यांनी विचारलं.

ताई काही बोलणार होती, मी मानेनेच तिला नको म्हणाले.

"हो," मी म्हणाले.

"मग जरा नीट बसवा. मी रोज लावतो आणि ही आपली आपण उघडते. घरात सांगून थकलो, कोणी ऐकतच नाही."

"खरं आहे तुमचं. कडीच खराब आहे. तुम्ही लावत होतात."

"तेच तर सांगतोय," बाबा म्हणाले.

मी जवळच्या दुकानातून नवी कडी आणून बसवली. ताईने पुन्हा पंप लावला. दार थरथरलं, कडी जागची हलली नाही. बाबांनी पुढे होऊन ती स्वतः काढली, लावली, दार ओढून पाहिलं, जसं मी पोरांना पिस्तुलात गोळ्यांचं मॅगझिन बसवल्यावर ते ओढून बघायला लावते तसं.

"बाबा," ताई म्हणाली, "आजपासून दारं तुम्हीच लावा."

"रोज मीच लावतो," बाबा म्हणाले आणि पुढचं दार बघायला गेले.