शब्द विचारण्यापुरतं

दिवसभर मी "मी, मी" करत असते आणि त्यातलं एकही "मी" माझं नसतं. दुभाष्याचं कामच तसं. घरी टेबलाशी बसायचं, कानाला हेडफोन लावायचा. एका बाजूला स्पॅनिश बोलणारं माणूस, दुसऱ्या बाजूला आपल्या भाषेतलं कोणीतरी: डॉक्टर, बँकवाला, शाळेतल्या बाई. एखादा म्हणाला "माझं पोट दुखतंय" की मीही म्हणायचं, "माझं पोट दुखतंय." "ते म्हणतात की" वगैरे चालत नाही. त्यामुळे सकाळी मला मूळव्याध होते, दुपारी माझा पासपोर्ट हरवतो, चार वाजता माझा मुलगा गणितात गटांगळ्या खातो. हेडफोन काढला की मी ठणठणीत.

स्वतःचं म्हणून तोंड उघडायची मुभा एकदाच, शब्दाचा अर्थ पक्का करायचा असेल तेव्हा. आधी म्हणायचं, "दुभाषी विचारते आहे." आणि स्पॅनिशमध्ये असल्या शब्दांना काही तोटा नाही, देव त्यांचं भलं करो. गोर्रो म्हणजे विणलेली टोपी आणि गोर्रा म्हणजे पुढे झापड असलेली. बोल्सो ही स्पेनमध्ये बायकांची पर्स आणि बोल्सा साधी पिशवी. मेक्सिकोत मात्र पर्सही बोल्साच आणि कोटाचा खिसाही बोल्साच. बांकेता स्पेनमध्ये बसायचं स्टूल, मेक्सिकोत फुटपाथ. एखादी म्हणाली, "बांकेतावरून पडले," तर आधी देश विचारावा, मग हाड.

खरं तर मला देश विचारावा लागत नाही. या कामात केस पिकलेत माझे, दोन वाक्यांत कळतं कोण कुठलं ते. तरी मी विचारायचे. "दुभाषी विचारते आहे, बोल्सा म्हणजे पर्स का खिसा?" मग समोरचं माणूस माझ्याशी बोलायचं. माझ्याशी! कोणी हसायचं, कोणी म्हणायचं, "आमच्या आईच्या गावी याला वेगळंच म्हणतात." नवरा गेल्यापासून या घरात माझ्याशी होणारं बोलणं काय ते एवढंच. लेक रविवारी फोन करते, पण तो फोन म्हणजे हजेरी. गोळ्या घेतल्यास? घेतल्या. ठेवू? ठेव बाई.

आमच्या कंपनीत फोन ऐकून तपासणारी एक बाई आहे. मी तिला मनातल्या मनात चाळणी म्हणते. एक दिवस तिने मला गाठलंच.

"ताई, येत असलेले शब्द तुम्ही मुद्दाम विचारता. पेशंट ताटकळतात."

"खात्री करून घेते मी."

"मला नका हो शिकवू. पुन्हा ऐकलं तर काम बंद. माझाही नाइलाज आहे."

पैशाचं सोडा, नवऱ्याची पेन्शन येते. पण हेडफोन गेला तर दिवसचे दिवस माझा आवाजसुद्धा कोणाच्या कानावर पडणार नाही, या विचाराने माझी पाचावर धारण बसली. तेव्हापासून मी विचारणं बंद केलं. शहाण्यासारखी दुसऱ्यांचं "मी, मी" करत राहिले.

त्या दुपारी फोन आला तो हॉस्पिटलमधून. इकडच्या बाजूला वॉर्डातल्या सिस्टर, तिकडच्या बाजूला तिच्या घरून एक म्हातारी. तोंड उघडताच कळलं, मेक्सिकोची. तिचा नवरा सकाळी गेला होता. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, दुसऱ्या कुठल्या दुभाष्याकरवी. हिचा पाय प्लॅस्टरमध्ये, त्यामुळे शेवटचं बघायलाही जाता आलं नव्हतं. आता प्रश्न सामानाचा होता. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचे आणि याचे कपडे एकाच कपाटात कोंबलेले.

"त्यांचं काय काय होतं ते सांगा," सिस्टर म्हणाल्या. "उद्या हॉस्पिटलच्या गाडीबरोबर घरी पाठवते."

"माझ्या नवऱ्याचा साको," म्हातारी म्हणाली. स्पेनची असती तर माझ्या डोळ्यापुढे पोतं आलं असतं. हिचा साको म्हणजे कोट. कोट, मी सांगितलं. कोटाच्या बोल्सात चष्मा. खिशात चष्मा, मी सांगितलं. आणि गोर्रा. झापडवाली टोपी, मी सांगितलं. कुठे अडले नाही, काही विचारलं नाही. चाळणी ऐकत असलीच तर तिने पाठ थोपटली असेल.

"सापडलं सगळं," सिस्टर म्हणाल्या. "आजी, घरात सोबतीला कोणी आहे ना?"

मी विचारलं. "आहेत की. सगळे आहेत," म्हातारी म्हणाली.

तिच्या मागे चिटपाखरू नव्हतं. लोकांची घरं मी कानांनीच बघत आलेय, भरलेलं घर मला बरोबर कळतं. पण ते म्हणतील तेच सांगायचं. "सगळे आहेत," मी सांगितलं. सिस्टरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी फोन ठेवला.

एका बाजूने ठेवला की मीही लगेच बंद करायचा, असा नियम आहे. म्हातारी ठेवेना. नुसता श्वास ऐकू येत होता.

"पोरी," ती म्हणाली. साठीला टेकलेल्या मला, पोरी! "पोरी, आता मी काय करू?"

दुभाष्याने उत्तर द्यायचं नसतं. सल्ला नाही, सांत्वन नाही. मला फक्त एकच गोष्ट करायची परवानगी होती आणि नेमकी तीच केली तर माझी गच्छंती. हात बटणावर गेला होता. दाबलं असतं तर ती तिच्या घरात, मी माझ्या घरात.

"दुभाषी विचारते आहे," मी म्हटलं, "साको म्हणजे कोट का पोतं?"

ती नाक ओढत हसली. "पोतं कशाला असेल गं! कोट. राखाडी. पोटावर बटण लागेना, तरी म्हणे हाच घालणार."

"दुभाषी विचारते आहे, गोर्रा म्हणजे झापडवालीच ना?"

"तीच. जेवतानासुद्धा काढायचा नाही. मी ओरडायची, तो ढिम्म."

"आणि बोल्सा?"

"खिसा. उजवा उसवलेला. आण, शिवून देते म्हटलं, तर नंतर, नंतर..." आणि तिला रडू फुटलं. ती मोठ्यांदा रडली. मी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला.

समोर पडद्यावर चाळणीचा निरोप आला. "ताई, फोन बंद करा. नाहीतर आजपासून संपलं." विचारण्यासारखा शब्दही उरला नव्हता.

"दुभाषी विचारते आहे," मी म्हटलं, "बांकेता म्हणजे..."

"मी कुठे बांकेता म्हणाले?"

आता आली का पंचाईत!

"तुला येतात सगळे शब्द," ती हळूच म्हणाली. "घरी कोण असतं गं तुझ्या?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

"जेवलीस?"

दुपार उलटून गेली होती. हा प्रश्न मला कोणी शेवटचा कधी विचारला होता, ते आठवेना.

"नाही."

"मग ऊठ. वाढून घे आणि इथे येऊन बस. मी आहे फोनवर, कुठे जात नाही."

मी उठले. सकाळचं गार झालेलं होतं, ते गरम केलं. नुसतं भांड्यातून खायची सवय लागलेली, पण त्या दिवशी ताट घेतलं, नीट वाढलं. परत आले आणि हेडफोन लावला, तर फोन तुटलेला. चाळणीने पलीकडून कापला होता. पडद्यावर माझं खातंही बंद.

कोणाचाही नंबर आम्हाला दिसत नाही. आणि तिला कोण सांगणार होतं, कापला म्हणून? ती तिकडे फोन कानाला लावून बसली असणार, मी ताट घेऊन येतेय म्हणून.