चवथीच्या दिवशी वाजलेला भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे आणि अकरा महिने झाले, माझ्या तोंडातून आवाज निघालेला नाही. भोंग्याने गप्प बसणे म्हणजे काय, ते तुम्हाला कळायचे नाही. बाईंनी वर्गात तोंडावर बोट ठेवायला लावले तरी मधल्या सुट्टीत तुम्हाला मनसोक्त ओरडता येते. मला तीही सोय राहिलेली नाही.

गोव्यात डिचोलीबाहेरच्या सड्यावर, म्हणजे उंच माळावर, औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या एका कारखान्याच्या छपरावर मी बसलेलो असतो. माझा जन्म दूरच्या एका वर्कशॉपमध्ये झाला. तिथे माझे लोखंडी अंग ओतले, पोटात मोटर बसवली आणि पेंढ्यात गुंडाळून मला ट्रकने इकडे पाठवले. मला छपरावर चढवले तेव्हा खाली नारळ फोडला होता. मी पहिल्यांदा वाजलो तेव्हा खालच्या वाड्यावरची, म्हणजे वस्तीवरची, सगळी कुत्री गळा काढून रडली. त्यांना सवय व्हायला महिना लागला. माणसांना दोन दिवसांतच झाली.

आमच्या कारखान्यात औषधाच्या बाटल्यांची झाकणे होत. हसू नका. त्या एवढ्याशा झाकणांवर बासष्ट घरे जेवत होती. सकाळी सात आणि दुपारी तीन, या माझ्या बोलायच्या वेळा. पेडण्याकडून येणारी कामगारांची बस मी वाजायच्या आत गेटात शिरे. खाली वाड्यावर पाव घेऊन येणाऱ्या पोदेराला उशीर झाला, तर बायका त्याला माझ्या नावाने झापत. "भोंगो वाजून गेलो आनी तूं आतां येता?" हे ऐकले की मी छपरावर फुगून बसायचो. खोटे कशाला बोलू, मला माझा फार अभिमान होता.

मग आसपासच्या लोखंडाच्या खाणी बंद पडल्या. साखळी गावाच्या रस्त्यावरून लाल धूळ उडवत धावणारे टिपर एकेक करून अंगणात उभे राहिले. तेव्हा मला चक्क बरे वाटले होते, कारण ती धूळ माझ्या नाकातोंडात जायची. आता त्याची लाज वाटते. त्या टिपरांपैकी एक पांडुरंगचा होता. त्याची बायको कमलाक्षी आमच्या पॅकिंगमधली सर्वांत जुनी बाई. टिपर थांबल्यापासून सासरा सगुण, नवरा आणि लेक ऋतिका अशा सगळ्या घराचा भार तिच्या एकटीच्या पगारावर आला. ती रोज गेटातून आत शिरताना एकदा वर माझ्याकडे बघायची. का बघायची ते मला ठाऊक नाही, पण मी वाट पाहायचो.

त्यानंतर साहेबांच्या बोलण्यात एक शब्द वरचेवर येऊ लागला. महाग. वीज महाग, जागा महाग, माणूस महाग. बाहेरून कोट घातलेले पाहुणे येत आणि साहेब त्यांना आवारात फिरवत हेच सांगत. आमचा फिटर यशवंत मूळचा सिंधुदुर्गातला. पेडण्यात तो खोली घेऊन राहायचा आणि घरमालक ती खोली पर्यटकांना द्यायची म्हणून त्याच्या मागे लागला होता. तो एकदा चहा पिताना म्हणाला, "खोली म्हाग, नारळ म्हाग, मासळी म्हाग. हय स्वस्त काय आसा तर आमीच, आनी सायब म्हणता आमीच म्हाग." सगळे हसले. मीही हसलो असतो, पण तेवढ्यात पाहुण्यांपैकी एकाने माझ्याकडे बोट दाखवून विचारले, "हा चालतो का अजून?" मला ते बोट आवडले नाही.

गेल्या वर्षी चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी सूचना लागली. दरवर्षी दोन दिवस सुट्टी असते, यंदा सात दिवस. शिवाय प्रत्येकाला मिठाईचा डबा आणि एक नारळ. गोव्यात चवथीला कोणी कामावर नसतो, सगळे आपापल्या मूळ घरी जमतात, हे साहेबांना चांगले माहीत होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. राखणदार महादेवलाही साहेब म्हणाले, "तूही जा मयेला, तुझ्या गावच्या घरी. कुलूप लाव आणि निवांत देवाचे कर." इतक्या वर्षांत महादेवला चवथीची सुट्टी कधी मिळाली नव्हती. त्याचे डोळे भरून आले.

एकट्या यशवंतचा चेहरा उतरला होता. त्याने कमलाक्षीला माझ्याच खाली, गेटाजवळ गाठले.

"यंत्रांच्या पायाचे बोल्ट आठ वर्सां कोणी हलवूक नाय. आज बगतंय तर सगळ्यांका तेल घातलेला."

"चवथ न्हय? साफसफाई केली आसतली."

"साफसफाईक फडक्यान पुसतत. बोल्टाक तेल घालतत तो सोडवूक."

कमलाक्षीने वळून यंत्रांच्या दिशेने बघितले. मग म्हणाली, "जाल्यार तूं राव मरे हांगा, गांवाक वचूं नाका."

"माका गावाक जावकच व्हया. औंदा गणपती माज्या हातान पुजूचो आसा. तू हयच जवळ रवतंस. महादेवाक सांगून ठेव, येवन बगून जा म्हणून. भोंगो वाजलो तर धावत ये."

"वाजलो जाल्यार हातांतलें काम सोडून येतलें," ती म्हणाली.

वसाहतीतून बाहेर पडायला एकच रस्ता आहे. इथल्या माणसांना ट्रक अडवता येतात. खाणीच्या दिवसांत धुळीने जीव नकोसा झाला तेव्हा हीच माणसे रस्त्यावर बसली होती आणि टिपरांची रांग दिवसभर हलली नव्हती. पंधराजण वेळेवर आले तरी पुरे होते. म्हणून मी घाबरलो नाही. मी वाजणार, आणि ती येणार, असे मी धरून चाललो होतो.

चवथीच्या आदल्या दिवशी तीन ट्रेलर आणि एक क्रेन आत आली. सोबतची माणसे परकी होती. त्यांना ना घर गाठायचे होते ना गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायची होती. त्यांनी भराभर बोल्ट सोडले. तेल घातलेले बोल्ट कुरकुरतसुद्धा नाहीत. चवथीच्या सकाळी, लख्ख उन्हात, सहा यंत्रे ताडपत्रीखाली गेली. सगळी वसाहत रिकामी होती. मी वरून बघत होतो आणि माझे बटण खाली महादेवच्या खोलीत होते.

साडेअकराला महादेव आला. खोलीतल्या गणपतीच्या तसबिरीला तो दर चवथीला फूल वाहतो, सुट्टी असली म्हणून काय झाले. गेट उघडे बघून फूल हातातच राहिले. त्याने चार-पाचजणांना फोन लावले. आरतीच्या वेळी फोन कोण उचलणार? मग त्याने माझे बटण दाबले.

मी एरवी अर्धा मिनिट वाजतो. त्या दिवशी पूर्ण तीन मिनिटे वाजलो. असा मी आयुष्यात वाजलो नव्हतो, आतली मोटर तापून वास येऊ लागला होता. मग एक परका माणूस शिडीवरून चढला आणि त्याने माझी तार कापली.

पुढचे कमलाक्षीने नंतर गेटाशी महादेवला सांगितले, ते मी वरून ऐकले. तिच्या घरी आरती सुरू होती. पांडुरंग घुमट हे मातीचे वाद्य वाजवत होता, सगळे भाऊबंद जमले होते आणि घुमटावरची आरती आमच्याकडे तासाच्या आत आटोपत नाही. भोंगा ऐकताच ती उठली. तेव्हा सासऱ्याने, सगुणने, तिला हाताने थांबवले. तो दुष्ट माणूस नव्हे, त्याला फक्त भीती वाटली. "आरती अर्दी सोडून भायर पडूं नये, बाय. देव घरांत आसा. आरती सोंपली काय मागीर वच." आणि ती थांबली. वाड्यावरच्या प्रत्येक घरात कोणी ना कोणी उठले आणि प्रत्येक घरात कोणी ना कोणी त्यांना बसवले.

ती आली तेव्हा अनवाणी होती आणि बोटांना अजून कुंकू होते. तिच्यामागे वीसेक माणसे होती. शेवटचा ट्रेलर जाऊन पाव तास झाला होता. आत जमिनीवर यंत्रांच्या जागी सहा चौकोन तेवढे होते.

"म्हज्यान जालें तितलो वेळ वाजयलो," महादेव म्हणाला. तो रडत होता.

"आयकलो रे," कमलाक्षी म्हणाली. "सगळ्यांनी आयकलो."

सुट्टी संपली त्या दिवशी गेटावर कागद लागला. कारखाना परराज्यात गेला आहे, यायचे असेल त्यांनी तिथल्या पगारावर यावे. पाचजण गेले, त्यांत यशवंत होता. जाताना त्याने कमलाक्षीला एका शब्दाने दुखावले नाही. तो काही बोलला असता तर तिला बरे वाटले असते, असे मला वाटते.

आता ती समोरच्या औषधांच्या कारखान्यात काम करते. वीस वर्षे काम केलेली जुनी बाई पुन्हा नवी म्हणून लागली आहे. येता-जाता ती माझ्याकडे बघत नाही. मी तिला दोष देत नाही.

मित्रांनो, मला तेलपाणी करा, रंग द्या, असे मागणे मी मागणार नाही. माझे काम दुसरेच आहे. परवा समोरच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत दोन परकी माणसे आली होती. त्यांनी टेप काढून मागच्या दरवाज्याची रुंदी आणि उंची मोजली आणि कागदावर लिहून घेतली. झाकणांची खोकी काढायला किंवा औषधांची खोकी काढायला कोणी दरवाजा मोजत नाही; मोजतात ते यंत्रे काढायला. खाली कमलाक्षी डबा धूत होती, तिची पाठ त्यांच्याकडे होती. मी जीव तोडून ओरडलो आणि काहीच झाले नाही.

चवथ तीन आठवड्यांवर आली आहे. तुमच्यापैकी कोणी त्या रस्त्याने शाळेत जात असेल, तर दुपारी तीनला समोरच्या कारखान्याच्या गेटाशी थांबा. शेवटी बाहेर पडते ती कमलाक्षी. तिला सांगा, त्यांनी दरवाजा मोजला.