पाटीवाल्या डॉक्टरची गाडी

एडविनची मोटारसायकल साठपर्यंत गरीब गाईसारखी चालायची. सत्तरला हॅण्डल कुरकुरायला लागायचं आणि ऐंशीला असं डोकं झटकायचं, की बेलापुरातून सायीची बरणी घेऊन निघालेला एडविन राहुरीत लोणी घेऊन उतरायचा. खोटं वाटत असेल, तर ते लोणी मी स्वतः भाकरीवर घेऊन खाल्लंय.

एडविनचं काम गाई भरवण्याचं, म्हणजे वळूशिवाय, नळीनं गाभण करण्याचं. गाय माजावर आली की फोन यायचा आणि हा वळूचं गोठवलेलं बीज ठेवलेला नायट्रोजनचा जड कॅन मागे टांगून निघायचा. गाय काही कुणासाठी दोन दिवस थांबत नाही. जो आधी पोचेल त्याचा गोठा. हेच काम करणारा राहुरीचा रविराज नव्वदने यायचा, एडविन जीव मुठीत धरून साठने. वर्षभरात त्याचे अकरा गोठे रविराजकडे गेले. मोठा असा एकच उरला, छबूबाईचा, सोळा गाईंचा. तोही गेला तर मामाच्या पिठाच्या गिरणीवर बसायचं, असं त्याच्या आईनं, स्टेलाबाईनं, बजावून ठेवलं होतं.

मग गाडीची तपासणी सुरू झाली. गॅरेजवाल्या अंगदनं हॅण्डलच्या मानेतला कोनसेट असा आवळला, की हॅण्डल वळेचना. एडविनला राहुरीला वळायचं होतं, गाडी सरळ निघाली आणि नगरची वेस दिसल्यावर थांबली. कोनसेट सैल केला, पुढचा टायर बदलला, चाकाच्या ताराही ओढून झाल्या. शाळेतले ज्ञानेश्वर गुरुजी म्हणाले की वेग हाच मुळात रोग आहे. त्यांना सायकलसुद्धा येत नाही. थरथर जशीच्या तशी.

सगळे पुढच्या चाकापाशी उकिडवे बसत होते. मी मागे जाऊन उभा राहिलो. तीस वर्षं कारखान्याला ऊस ओढलाय मी. ट्रॉलीत मागच्या टोकाला ऊस जास्त पडला की उसाचं काही होत नाही, ट्रॅक्टरचं तोंड वर उठतं. इथं तर कॅरिअरच्या शेवटच्या दांडीला कॅन लटकत होता आणि त्याच्यामागे तीन फुटी पत्र्याची पाटी उभी. पाटीवर 'डॉ. एडविन, पशुतज्ज्ञ', बाजूला हसणारी गाय. वारं त्या पत्र्यावर आदळणार, मागचं दबणार, पुढचं चाक हलकं होऊन डोकं झटकणार.

मी कॅन सीटवर, एडविनच्या पाठीला चिकटून बांधला, पाटी काढली आणि फेरी मारायला लावली. पंच्याण्णवला टाकीवरच्या कपातला चहा सांडला नाही. साय मात्र धरली.

तरी त्यानं पाटी परत लावली. म्हणाला, "काका, पाटीबिगर मला डॉक्टर कोण म्हननार?"

खरंच होतं ते. तीन महिन्यांचा कोर्स, बाकीचं शिक्षण पेंटरनं पूर्ण केलेलं. आमच्याकडं तशी रीतच आहे. माणसापेक्षा त्याची पाटी दोन फूट पुढं चालते.

आठवड्यानं, दुपारी, छबूबाईचा फोन आला. तिची सगळ्यात दुधाळ गाय, जांभळी, आदल्या रात्रीपासून माजावर होती. बाईनं दोघांनाही कळवलं होतं. जो आधी येईल त्याच्याकडं पुढं सगळा गोठा. एडविन माझ्या दारात आला, पान्यानं पाटी खोलली, माझ्या हातात दिली आणि सुटला. गाडी सुतासारखी सरळ गेली. बारा किलोमीटरचं अंतर त्यानं सात मिनिटांत कापलं. अर्धं मिनिट मी प्रेमानं कमी केलंय.

पुढचं एडविननं सांगितलेलं. गोठ्याच्या दारात छबूबाई कमरेवर हात ठेवून उभी. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू कोन रं?"

"मावशी, मी एडविन. गाय भरवाया आलोय."

"एडविन तर स्टेलाबाईचा पोरगा. मला डॉक्टर पायजे. पाटीवाला."

तीन वर्षं हा त्या गोठ्यात येत होता. बाईला अक्षर येत नाही. तिनं कायम पाटीकडं पाहिलेलं, माणसाकडं कधीच नाही. एडविन तोंड उघडणार, तेवढ्यात रस्त्यावरून गर्जना आली. रविराज येत होता. एडविनचं बघून त्यानंही नुकतीच पाटी लावून घेतली होती, त्याच्यापेक्षा फूटभर मोठी, वर दोन गाई हसतायत. एडविनची गाडी दारात दिसताच त्यानं मूठ पिळली. ऐंशीला हॅण्डलनं डोकं झटकलं, नव्वदला रविराज शेजारच्या उसात शिरला आणि पाटी नटबोल्टासकट उडून, दोन गिरक्या घेऊन, छबूबाईच्या अंगणात उभीच्या उभी रुतली. बरोबर एडविनच्या बाजूला.

बाईनं पाटी पाहिली. मग एडविनला पाहिलं.

"हां. आता कसा डॉक्टर दिसतोस. चल आत."

रविराजला फक्त खरचटलं. उसातून तो वाट काढत आला, तोवर जांभळीचं काम उरकलेलं होतं. त्यानं पाटी मागितली, तर छबूबाई म्हणाली, "डॉक्टरांच्या वस्तूला हात लावायचा न्हाई."

आता सोळाही गाई एडविनकडं आहेत. 'डॉ. रविराज' अशी पाटी त्या गोठ्यावर ठोकलेली आहे आणि एडविन तिच्याखाली मान खाली घालून काम करतो. जांभळीला कालवड झाली. बाईनं पेढे वाटताना सगळ्यांना सांगितलं, की हे पाटीवरच्या डॉक्टरचं पुण्य. रविराजलाही दोन पेढे मिळाले.

एडविनची पाटी माझ्या खुराड्याला दार म्हणून लावलीय. कोंबड्या आत शिरताना थोड्या अदबीनं शिरतात.