दुकानातला पंप

सरकारी विमान कंपनीकडे एके काळी बावीस विमानं होती. आता चार उरली होती. दोन उडत, तिसरं सतत दुरुस्तीला आणि चौथं हँगरच्या टोकाला कायमचं उभं. त्याचे भाग काढून बाकीच्यांना लावायचे. मेकॅनिक त्याला ‘दुकान’ म्हणत. काही बिघडलं की हाक यायची, “दुकानातून आण रे.”

मुख्य निरीक्षकाला सगळे भिंग म्हणत. खिशातलं भिंग लावून भाग न्याहाळल्याशिवाय तो कुठल्याही कागदावर सही करत नसे. एकतीस वर्षं हेच चाललं होतं. बायकोच्या धाकट्या भावाला त्यानेच इथे चिकटवलं, हाताला धरून काम शिकवलं. मेहुणा आता त्याचा सहायक होता. नुकतीच त्याला मुलगी झाली होती.

एका सकाळी मुख्य अभियंत्याने भिंगला केबिनमध्ये बोलावलं.

“तिसऱ्या विमानाच्या ब्रेकला दुकानातला पंप लावलाय. चाचणी झाली. फक्त तुमची सही राहिलीय.”

“किती तास चाललेला पंप आहे?”

“त्याचे कागद सापडत नाहीत.”

“मग सही होणार नाही.”

“दोन दिवस माणसं विमानतळावर ताटकळत बसलीयत. मंत्रालयातून तीनदा फोन आला.”

“ज्यांचा फोन येतोय त्यांनाच सही करायला सांगा, साहेब.”

अभियंता हसला नाही. तासाभरात भिंगची बदली स्टोअरमध्ये झाली आणि सहीचा अधिकार मेहुण्याकडे गेला.

स्टोअरमध्ये एक खुर्ची, एक फोन आणि मोकळी फडताळं. मेहुण्याला फोन करावा असं भिंगला दोनदा वाटलं. पण अपमान जिव्हारी लागला होता. आपल्याला कोणी विचारायला येतं का बघू, म्हणून तो फुगून बसला. चार वाजता इंजिनांचा आवाज आला, तेव्हा तो खिडकीशी धावला. विमान धावपट्टीच्या तोंडाशी पोचलं होतं. त्याने टॉवरचा नंबर फिरवला. लाइन लागेपर्यंत ते वर गेलं होतं.

पलीकडच्या शहरात विमान उतरलं, पण थांबलं नाही. कुंपण तोडून नाल्यात कोसळलं. नऊ माणसं गेली, त्यांत सहवैमानिकही.

चौकशी बसली. आपण कोणालाही तोंडी आदेश दिला नाही, असं मुख्य अभियंत्याने शपथेवर सांगितलं. भिंगच्या साक्षीच्या दिवशी बायको दारात आडवी उभी राहिली.

“सही ओळखत नाही म्हणा. एवढंच.”

“अगं, नऊ माणसं मेलीयत.”

“ती परत येणार आहेत का? एवढी वर्षं खरं बोलून काय मिळवलंत? स्टोअर.”

तो तिच्या बाजूने वाट काढून बाहेर पडला.

केबिनमधलं सगळं बोलणं त्याने समितीला सांगितलं. त्याचा पुरावा नव्हता. मग त्याच्यापुढे पंपाच्या तपासणीचा फॉर्म ठेवला गेला. सही चौकटीच्या आत, तारखेला न टेकता, त्याने शिकवली होती तशीच.

“ओळखता?”

“हो. माझ्या मेहुण्याची.”

मेहुण्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. मुख्य अभियंता मंत्रालयात सल्लागार झाला. वर्षभराने कंपनीला टाळं लागलं आणि उरलेली विमानं भंगारात गेली.

बायको स्वयंपाक करी, ताट वाढी, पण नवऱ्याशी बोलत नसे. दर महिन्याला ती भावाला भेटायला तुरुंगात जाई. भिंग सोबत जाऊन फाटकाबाहेर बाकावर बसे. मेहुण्याला त्याचं तोंड बघायचं नव्हतं. दुसऱ्या वर्षी एकदा ती बाहेर आली आणि म्हणाली, “आत बोलावलंय तुम्हाला.”

जाळीपलीकडे मेहुणा वाळून अर्धा झाला होता.

“भावोजी, त्या दिवशी मी तुम्हाला विचारायला निघालो होतो. स्टोअरच्या जिन्यापर्यंत आलो होतो.”

“मग वर का नाही आलास?”

“तुम्ही नको म्हणाला असतात.”

भिंगने मान हलवली. “मी फोन करणार होतो,” तो म्हणाला. “दोनदा हात पुढे केला.”

पहारेकऱ्याने वेळ संपल्याचं सांगितलं. मेहुणा उठला आणि आत जाता जाता म्हणाला, “पुढच्या महिन्यात या.”

बाहेर बायको बाकावर बसली होती. तो शेजारी बसला. काय बोलणं झालं, ते तिने विचारलं नाही.