चार सबवूफरचा भार

मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे, मित्रांनो. गाडीच्या डिकीत बसून गाण्याला जोर देणारा. आता आतून पार जळालो आहे. पण जळण्याचं मला तेवढं दुःख नाही. दुःख पुढे जे झालं त्याचं आहे.

कारखान्यातून निघालो तो एका गॅरेजात आलो. तिथे गाड्यांची वायरिंग करणारी एक बाई होती. माझा मालक तिचा धाकटा दीर. तिनेच मला त्याच्या गाडीत बसवलं आणि दोन सबवूफर, म्हणजे घुमणारा जाड आवाज काढणारे मोठे भोंगे, जोडून दिले. मालकाने माझ्यावर हात फिरवला. "वाघ आहे वाघ!" म्हणाला. मी फुशारून गेलो. ऊन, धूळ, खड्डे सोसत वर्षानुवर्षं इमानाने राबलो.

मग त्याला हाव सुटली. त्याने आणखी दोन सबवूफर आणले. वहिनीने माझ्या पाठीवरचे आकडे वाचले.

"भावजी, दोन भोंगे थेट जोडले तर हा पेलतो. चारही थेट टाकलेत तर जास्त वीज ओढली जाईल आणि हा जळेल. म्हणून मी दोन-दोनच्या जोड्या केल्यात. जोडीत एकातून वीज पुढे दुसऱ्यात जाते."

"म्हणजे एकाचं उष्टं दुसऱ्याने खायचं?"

"उष्टं-बिष्टं काही नाही. दोघांना सारखंच मिळतं. तारांना हात लावू नका."

"बरं बाई."

घरी पोहोचताच त्याने जोड्या तोडल्या. कोणालाच उष्टं नको म्हणून चारही भोंगे थेट माझ्या गळ्यात बांधले. आवाज असा दणदणला की काचा थरथरल्या. तो खूश झाला आणि माझं अंग भाजत होतं. मी बंद पडलो. आम्हाला 'पुरे' म्हणायचं तर असंच म्हणता येतं. त्याने मला गार होऊ दिलं, पुन्हा चालू केलं. मी पुन्हा बंद पडलो. "नखरे बघा याचे!" म्हणत त्याने आवाज चढवला. धूर निघाला आणि माझा खेळ आटोपला.

इथवर मी त्याला माफ केलं असतं. त्याला कळत नव्हतं, एवढंच. पण मग तो डिकीत वाकला आणि सगळ्या तारा वहिनीने लावल्या होत्या तशाच परत लावल्या. हे मात्र त्याला नीट कळत होतं. गॅरेजात जाऊन चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाला, "वहिनी, तुमच्या जोडणीनेच जळला हा."

तिने तारा तपासल्या. तिचीच जोडणी होती. मला उघडून ती आतला काळा भाग बघत राहिली. मला ओरडून सांगायचं होतं, पण माझ्यात आवाज कुठला?

"माझंच काहीतरी चुकलं असेल," ती म्हणाली.

माझ्या मालकाने मान डोलावली. ज्याच्यासाठी मी जळलो, त्याने!

आता मी तिच्या गॅरेजातल्या फळीवर पडून आहे. कोणी चार सबवूफर घेऊन आलं, की ती हात पुसत म्हणते, "ते काम मी घेत नाही हो." काम तिला उत्तम येतं, मित्रांनो. तिचा स्वतःवरचा विश्वास गेला आहे.

म्हणून सांगतो, वस्तूला झेपेल तेवढंच तिच्यावर लादा. आणि तुमच्या हातून काही जळलंच, तर 'मी जाळलं' असं म्हणा. माझ्या मालकाला अजूनही म्हणता येईल. तो रोज याच गॅरेजावरून जातो.