हितेंद्रच्या नावाची मूठ

मी एक जुना नारळ आहे आणि माझी तक्रार हितेंद्रबद्दल आहे. झुंबरबाईच्या या धाकट्या मुलाला मी पाळण्यात पाहिले आहे. त्याने यंदा बाजारातली विजेचे दिवे लावलेली कानबाई देवी विकत आणून जळगावला, मेहरूणच्या आपल्या नव्या फ्लॅटमध्ये मांडली.

मित्रांनो, मला साधा नारळ समजू नका. झुंबरबाईच्या सासूने मला साक्रीच्या बाजारातून आणले आणि परणले, म्हणजे लग्न लावून घरात घेतले. डोळे रेखले, नाकात नथ घातली. तोवर मी नारळ होतो, त्या दिवसापासून कानबाई झाले.

वर्षभर मी पेटीत फडक्यात असते. श्रावणातल्या एका रविवारी मात्र माझा थाट बघावा. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेऊन रोट, म्हणजे जाड पोळ्या, भाजतात. ते घरच्यांनीच खायचे, परक्याला तुकडाही नाही. सोमवारी दिवस मावळेपर्यंत उरले, तर मातीला द्यायचे.

गेल्या साली हितेंद्र म्हणाला, एकदा देवी माझ्याकडे बसवू. थोरला भाऊ प्रेमराज काही बोलायच्या आत झुंबरबाईने चारचौघांत विचारले, "देवीले लिफ्टमा बसाडशी का रे?" सगळे हसले. हितेंद्र जेवला नाही. त्यानंतर तो गावी फिरकलाच नाही.

यंदा गहू घेताना थोरली सून नूतन म्हणाली, भाऊजींची मूठ राहू द्या, ते काही येत नाहीत. झुंबरबाईने तरी मूठ भरली, जरा जास्तच भरली. पण फोन केला नाही. तिला जीभ होती, पण मानपान आडवा आला. मला तोंड होते, पण ते कुंकवाने रेखलेले.

सोमवारी नदीत बुडवून मला रीतीप्रमाणे परत आणले आणि ओट्यावर ठेवले होते. झुंबरबाई पदराखाली हितेंद्रच्या नावाचा रोट झाकून रस्त्याकडे बघत बसली. ऊन भिंतीवरून उतरले, अंगणातून गेले. तेव्हा ती उठली आणि तुळशीपाशी खुरप्याने माती उकरू लागली. मला ओरडावेसे वाटत होते, थांब, घटकाभर थांब.

मित्रांनो, माझी पूजा करा किंवा करू नका, पण तुमच्या नावाने कुणी मूठ भरत असेल, तर उजेड असेपर्यंत घरी जा.

ती वरून माती दाबत होती, तेवढ्यात दाराशी गाडी थांबली. हितेंद्र उतरला, आईचे मातीचे हात बघून जागीच उभा राहिला. झुंबरबाईने मान वर केली नाही.

"तुन्हा नावना रोट मी मातीमा गाडी दिन्हा. आते पुढला सावनलगून भुक्या ऱ्हाय."