शत्रू पळाला तिथली खूण

मित्रांनो, मी एक दोन कानांची जुनी ट्रॉफी आहे. अंग पितळेचं, वर सोनेरी मुलामा. म्हणजे एकेकाळी होता. कारखान्यात जोडकाम करताना माझा डावा कान जरा वाकडा बसला. त्यामुळे मोठ्या स्पर्धांनी मला नाकारलं आणि मी एका बाजारपेठेच्या रस्सीखेचीसाठी आले.

सामना होता बेकरीवाल्यांचा आणि लाँड्रीवाल्यांचा. दोघांची दुकानं समोरासमोर आणि दोघे एकमेकांचे व्याही. बेकरीवाल्यांची लेक लाँड्रीवाल्यांची सून. कॉलेजात ती भाषा शिकवायची.

दोरी ताणली गेली. जोर यावा म्हणून लाँड्रीवाल्यांनी मागच्या झाडाला पाय लावला. वर गांधीलमाश्यांचं पोळं होतं. पुढे काय झालं ते सांगायला नकोच. लाँड्रीचा संघ दोरी सोडून पाठमोरा धावत सुटला आणि जीव खाऊन ओढणारी बेकरी धाडकन उताणी पडली. पंचांनी टेबलाखालूनच निकाल दिला, की ज्यांनी दोरी सोडली ते हरले. लाँड्रीवाल्यांचा एक बूट चिखलात रुतून राहिला.

जिंकल्या त्या माश्या, असं लाँड्रीवाले चारचौघांत सांगू लागले. बेकरीवाल्यांना ते फार झोंबलं. ट्रॉफी म्हणजे नेमकं काय, असं त्यांनी लेकीलाच विचारलं. तीही बिचारी शिकवण्याच्या भरात सांगून बसली, की इंग्रजीत तो शब्द आला ग्रीकांकडून आणि त्याच्या मुळाशी आहे पाठ फिरवणं. शत्रू जिथे पाठ फिरवून पळाला, तिथे ग्रीक लोक झाडावर किंवा खांबावर त्याचीच शस्त्रं लटकवत. ती ट्रॉफी. शिकाऱ्यांच्या भिंतीवरची शिंगं आणि माझ्यासारखे चषक मागाहून आले.

"शत्रू का पळाला, ते कोणी विचारायचं का?" बेकरीवाल्यांनी विचारलं.

"नाही बाबा."

झालं! दुसऱ्या दिवशी मी बेकरीच्या काचेत, पावांच्या डोक्यावर विराजमान झाले आणि माझ्या वाकड्या कानाला व्याह्यांचा बूट लटकला. गिऱ्हाइकं हसत. मला वाटे, माझंच कौतुक चाललंय. बेकरीवाले मला रोज इतकं घासत, की मुलामा गेला. बुटावरचा चिखल मात्र त्यांनी जिवापाड जपला.

समोरच्यांनी बेकरीचे ॲप्रन धुणं बंद केलं. त्यांच्या घरातून पाव हद्दपार झाला. लेकीला सासरी माहेरचं नाव काढायची चोरी, माहेरी सासरचं. कॉलेज सुटलं तरी ती रिकाम्या वर्गात बसून राहू लागली. अखेर एक दिवस ती सरळ बेकरीत आली.

"बाबा, तो शब्द मी तुम्हाला अर्धाच सांगितला होता. ती खूण लाकडाची करायचे, दगडाची नाही. मोडकळीला आली तरी दुरुस्त करायची नाही, असा रिवाज होता म्हणतात."

"का बरं?"

"खूण कुजली की वैरही संपावं म्हणून."

बेकरीवाल्यांनी मला बोटाने टिचकी मारून पाहिली. मग हळूच म्हणाले, "पण ही पितळेची आहे गं."

"तीच तर पंचाईत आहे. ही कुजायची नाही. तुम्हालाच काहीतरी करावं लागेल."

त्यांनी बूट उतरवला, पुसून लखलखीत केला आणि रस्ता ओलांडला. काचेतून मी सगळं पाहिलं. उघड्या दारांमुळे ऐकूही आलं.

"व्याही, तुमचा बूट."

लाँड्रीवाल्यांनी इस्त्री बाजूला ठेवली. "त्याचा जोडीदार मी केव्हाच फेकून दिला," ते म्हणाले. बेकरीवाले एका बुटासह तसेच उभे. मग लाँड्रीवाल्यांची नजर त्यांच्या पोटावर गेली. "तो ॲप्रन काढा आधी. अंगावर पीठ आहे की कापड, कळेना झालंय."

त्या दिवशी मी काचेतून माळ्यावर गेले. मित्रांनो, माझे जातभाई तुम्हाला सांगतील, आम्हाला पुसा, आम्हाला जपा. माझी विनंती उलटी आहे. तुमच्या घरी एखादी ट्रॉफी असेल, तर तिच्यावर खुशाल धूळ बसू द्या आणि वाचलेल्या वेळात, जो हरला त्याच्या घरी एक चक्कर मारून या. आमची काळजी नको. आम्ही कुठे जातोय!